भाजी ‘पुरती भरू द्या’ म्हणणारा तो उन्हाळी फॉरवर्ड

ऊन तापलं की परसबागेच्या काळजीचा एक मेसेज फिरायला लागतो. भरदुपारी पाणी घालू नका, थेंब भिंगासारखे पानं जाळतात. त्यापेक्षा रोज थोडंथोडं शिंपडा. आळ्यातला पालापाचोळा झाडून काढा. भाजी पुरती भरल्याशिवाय तोडू नका, सारख्या तोडणीने झाड दमतं. टोमॅटो झाडावरच लालबुंद होऊ द्या. खाली ‘अनुभवी माळ्यांचा सल्ला’. कोणते माळी, ते विचारायचं नाही.

भिंगाची गोष्ट हंगेरीतल्या संशोधकांनी तपासून २०१० मध्ये प्रसिद्ध केली. गुळगुळीत पानावर थेंब चपटा बसतो आणि किरण एकवटतात ते पानाच्या खाली. पान जळत नाही. लवेवर थेंब अधांतरी तोलला गेला, तरच डागाची शक्यता उरते. दुपारच्या पाण्याचा खरा तोटा म्हणजे बरंचसं वाफ होऊन जातं. पण रोपाने मान टाकलीय आणि बोट खुपसल्यावर मातीही कोरडी लागतेय, तर संध्याकाळची वाट कशाला बघायची? बुंध्याशी पाणी द्या. माती ओली असेल तर ते रोप ऊन उतरल्यावर बहुधा आपोआप सावरतं.

रोजच्या शिंपडण्याने वरचा थर तेवढा भिजतो आणि मुळंही वरच रेंगाळतात. जमिनीतल्या रोपांना दोन-तीन दिवसांआड का होईना, पण खोलवर मुरेल असं पाणी हवं. कुंड्यांचं वेगळं, त्या रोज मागतात. पालापाचोळ्याबद्दल तर काय बोलावं! मातीची ओल धरून ठेवणारं फुकटचं आच्छादन झाडून टाकायचं आणि मग पाणी पुरत नाही म्हणायचं. फक्त बुंध्याला चिकटू देऊ नका.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो ‘पुरती भरू द्या’ हा सल्ला. भेंडी फूल आल्यापासून चार ते सहा दिवसांत तोडायला येते. त्यानंतर ती मोठी दिसते खरी, पण आत धागे धरतात आणि जून झालेली भेंडी शिजवूनही चावत नाही. टोक मोडून बघा: कट्कन तुटलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर उशीर झाला. काकडी, दोडका, गवार यांचंही तेच. बी पक्कं होऊ लागलं की वेलाची ताकद तिकडे वळते आणि नवी फळं धरायची कमी होतात. पानाआड राहून पिवळी पडलेली एखादी काकडी त्यासाठी पुरते. म्हणजे दमवते ती न केलेली तोडणी. हिसका देऊन ओढलं तर फांदी सोलते, ती इजा खरी. म्हणून देठ कात्रीने कापा. लाल भोपळ्याला मात्र मेसेजचा सल्ला लागू पडतो. साल इतकी कडक व्हायला हवी की अंगठ्याचं नख रुतू नये.

राहिला टोमॅटो. त्याचा लाल रंग ज्या लायकोपीनचा, ते तिशीच्या वर पारा गेला की नीट तयार होत नाही. पिवळी-केशरी छटा देणारं कॅरोटीन मात्र होत राहतं. म्हणून कडक उन्हात ठेवलेलं फळ लाल व्हायचं सोडून फिकट केशरी राहतं, शिवाय तडकतं आणि पक्ष्यांच्या चोचीला सापडतं. बुडाशी गुलाबी झाक दिसली की काढा आणि घरात २० ते २५ अंशांच्या सावलीत ठेवा. पिकायला ऊन लागत नाही, आणि पिकेपर्यंत फ्रिज नको.