सोळा कोटींच्या आधीचा प्रश्न

गेल्या आठवड्यात आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर पुन्हा तसा एक फॉरवर्ड आला. नळ्या लावलेल्या बाळाचा फोटो, खाली क्यूआर कोड, ‘सोळा कोटींच्या इंजेक्शनसाठी फक्त शंभर रुपये द्या’. खातं खरं आहे का ते बघितलं आणि दिले. असे पैसे द्यावेत या मताची मी आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळाच्या ‘एसएमए’ या, स्नायू दुबळे करत नेणाऱ्या आनुवंशिक आजारासाठी, लोकांनी असेच सोळा कोटी उभे केले होते आणि सरकारने त्या औषधावरचा सहा कोटींच्या घरातला कर माफ केला होता.

पण फॉरवर्डखाली जी चर्चा रंगली ती सगळी पैशांची. कंपन्या लुटतात, सरकार झोपलंय, अमक्या उद्योगपतीने द्यायला काय हरकत होती. दुर्मिळ आजार म्हटलं की कोटींचा आकडा, एवढंच आपल्या डोक्यात बसलंय. मला वाटतं, यातली बरीच मुलं त्या आकड्यापर्यंत पोचतच नाहीत. आजार कोणता हेच वेळेत कळत नाही. आणि काही आजार असे आहेत की वेळेत कळले तर गोळ्यांवर भागतं.

माझ्या ताईच्या घरातलं सांगते. तिला विचारून लिहितेय. दवाखान्यांची आणि डॉक्टरांची नावं देणार नाही, कमेंटमध्येही विचारू नका.

भाचा आठवीत गेला आणि त्याचं अक्षर बिघडलं. आधी चांगलं वळणदार होतं, ते ओळ सोडून खाली उतरायला लागलं, मग इतकं बारीक झालं की त्याचं त्यालाच वाचता येईना. वर्गशिक्षक म्हणाले, नंबर लागला असेल. चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर डोळे तपासले, नंबर शून्य. मग सगळ्यांनी मोबाईलला धरलं. पोरगं चिडकं झालं, जेवताना घास सांडायला लागलं, बोलणं अडखळायला लागलं, तेव्हा कुणीतरी ‘बाहेरचं’ आहे म्हणून सांगितलं आणि अमावस्येला नारळही उतरवून झाला. त्याआधी सहावीत त्याला कावीळ झाली होती. ती आमच्याकडे करतात तशीच उतरवून आणली. झाडपाला, नाकात थेंब, महिनाभर पथ्य. कावीळ आपोआप ओसरली आणि श्रेय उतरवणाऱ्याला मिळालं.

डॉक्टरांकडे नेलं नाही असं मात्र नाही. काविळीसाठी एक, हात थरथरतात म्हणून दुसरे, रडतो-चिडतो म्हणून मानसोपचारतज्ज्ञ. प्रत्येकाने आपापल्या भागाचं औषध दिलं, आणि त्या भागापुरतं ते अगदीच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात पोराला कावीळ झाली तर आपल्याकडे ती बहुतेक वेळा दूषित पाण्याचीच असते, डॉक्टरने आधी तेच धरलं तर बिघडलं काय? बिघडलं ते पुढे. सहावीतली कावीळ आणि आठवीतली थरथर एकाच मुलाची आहे, हे कुणी शेजारी शेजारी ठेवून बघितलंच नाही. ताईच्या कॅरीबॅगमध्ये सगळे कागद होते. प्रत्येक ठिकाणी वरचा एक कागद बघायचे आणि पिशवी परत द्यायचे.

शेवटी एका सरकारी मेडिकल कॉलेजात, रात्रपाळीला असलेल्या एका शिकाऊ डॉक्टर मुलीने ते कागद तारखेप्रमाणे लावले. मग विचारलं, घरात आणखी कुणाला लिव्हरचा त्रास होता का, आणि तुम्ही नवरा-बायको नात्यातले आहात का. ताईचं लग्न आत्याच्या मुलाशी झालंय. आमच्या भागात यात कुणाला वावगं वाटत नाही, त्यामुळे आपणहून कुणी सांगतही नाही. सकाळी भाच्याला डोळ्यांच्या विभागात पाठवलं. स्लिट लॅम्पखाली बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडं दिसलं. तिथल्या मॅडमनी ते बघायला विद्यार्थ्यांची रांगच लावली. ताई वैतागली, माझं पोर काय प्रदर्शनात मांडलंय का म्हणाली. मला मात्र ते बरं वाटलं. त्या रांगेतला एखादा उद्या जत-आटपाडीत दवाखाना टाकेल, आणि असं कडं पुन्हा दिसलं तर ओळखेल.

आजाराचं नाव विल्सन डिसीज. अन्नातून आलेलं जास्तीचं तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. ते काम ज्या जनुकावर चालतं तेच बिघडलेलं असेल तर तांबं आधी यकृतात साठतं, मग मेंदूत आणि डोळ्यांत. पुस्तकात साधारण तीस हजारांत एक असा आकडा असतो. म्हणजे आपल्या तालुक्यात चार-पाच लाख लोक असतील तर हा आजार असलेले दहा-पंधरा जण असायला हवेत. तुम्ही एकाचं तरी नाव ऐकलंय? निदानाला काय लागतं ते बघा: डोळ्यांची ती तपासणी, रक्तातलं सेरुलोप्लाझमिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन, या आजारात ते सहसा कमी असतं) आणि चोवीस तास जमवलेल्या लघवीतलं तांबं. प्रत्येक वेळी एवढ्यावर पक्कं होतंच असं नाही, कधी जनुकांची तपासणी किंवा यकृताचा तुकडा काढून बघावं लागतं. पण संशय घ्यायला एवढं पुरतं. भाच्याच्या या तपासण्यांना सगळे मिळून चार-पाच हजार लागले. त्याआधीच्या एमआरआय आणि सोनोग्राफ्यांचा खर्च विचारू नका.

आता औषध. १९१२ मध्ये लंडनच्या किनिअर विल्सन यांनी हा आजार सविस्तर मांडला, तेव्हा तो झाला की माणूस जाणारच असं धरलेलं होतं. मग आले जॉन वॉल्श. पेनिसिलिन घेणाऱ्या रुग्णांच्या लघवीत त्यांना पेनिसिलामिन नावाचा पदार्थ आधी सापडलेला होता. पुढे बॉस्टनमध्ये असताना विल्सनचा एक रुग्ण समोर आला आणि त्यांच्या डोक्यात आलं की या पदार्थाची रचना अशी आहे की तो तांब्याला धरून शरीराबाहेर नेईल. आधी त्यांनी स्वतः घेऊन बघितलं, मग रुग्णाला दिलं. ही गोष्ट १९५६ च्या आसपासची. म्हणजे माझ्या भाच्याच्या आजाराचं औषध त्याच्या आजोबांच्या शाळकरी वयापासून उपलब्ध आहे!

ते औषध सोपं नाही, हेही सांगायला हवं. रिकाम्या पोटी घ्यायचं, जेवणाच्या तासभर आधी. सोबत बी-सिक्सची गोळी. रक्त आणि लघवी पुन्हा पुन्हा तपासायची, कारण किडनीला आणि रक्तपेशींना त्रास होऊ शकतो. ज्यांच्या मेंदूपर्यंत आजार गेलाय त्यांच्यापैकी काहींची लक्षणं सुरुवातीला उलटी वाढतात. भाच्याची वाढली. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून ताईने धीर धरला, नाहीतर गोळ्या खिडकीतून बाहेर गेल्या असत्या. डोस कमी करून हळूहळू चढवला. आज तो कॉलेजात जातो, बोलणं पुष्कळ सुधारलंय, हाताची थरथर मात्र पूर्ण गेली नाही. परीक्षेत लेखनिक घ्यावा लागतो.

आणि आता भाचीबद्दल, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. विल्सनमध्ये बिघडलेली प्रत आई आणि बाप दोघांकडून यावी लागते. एका मुलाला झाला असेल तर त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक. त्या मेडिकल कॉलेजने भाचीला तपासायला आणाच म्हणून पिच्छा पुरवला. ताई म्हणत होती, ती तर ठणठणीत आहे, कबड्डी खेळते. आणली. सेरुलोप्लाझमिन खूप कमी, लघवीत तांबं जास्त, अंगावर एकही लक्षण नाही. तिला झिंक सुरू केलं, ते आतड्यातच तांबं अडवतं. स्वस्त गोळी, पण आयुष्यभर आणि न चुकता. ती अजून कबड्डी खेळते, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. एकाच घरातली, एकाच आई-बापाची, एकच आजार असलेली दोन मुलं. दोघांमध्ये फरक पडला तो फक्त निदान कधी झालं याचा. यात सोळा कोटी कुठे येतात मला सांगा.

सासरी मात्र काही दिवस जुनंच चालू होतं, की हे दुखणं हिच्या माहेराकडून आलं. आता ताईची सासू म्हणजे आमची सख्खी आत्या. माहेर म्हणजे तिचंही माहेर! मी एकदा पाटीवर चौकट काढून आत्याला समजावलं की एक प्रत तुझ्या पोराकडूनही आलीय. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, म्हणजे आपल्या दादांकडून? दादा म्हणजे माझे आजोबा. असेलही. पण पोराचं दुखणं आईच्या पदरात टाकायची ही सवय कितीतरी घरांत तपासणीच्या आड येते. बाई भावंडांचं रक्त तपासायला कशाला काढेल, जर आणखी एक निघालं तर तिलाच ऐकून घ्यायचंय?

घरातली तांब्याची भांडीही बदलली. प्यायचं पाणी स्टीलमध्ये, तांब्याचा हंडा माळ्यावर, देवघरातला कलश तेवढा राहिला. निरोगी माणसाला तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याने अपाय होतो असं मी म्हणत नाही, उगाच भांडायला येऊ नका. पण निवृत्तीच्या समारंभात आजकाल सरसकट तांब्याच्या बाटल्या वाटतात, आणि त्यावर ‘यकृतासाठी उत्तम’ असं छापलेलं असतं, ते वाचून हसावं की रडावं कळत नाही.

तांबं आणि यकृत म्हटलं की पुण्याचं काम आठवलंच पाहिजे. आपल्याकडे दोन-तीन वर्षांपर्यंतच्या बाळांना एक आजार व्हायचा, पोट फुगायचं, यकृत दगडासारखं घट्ट लागायचं आणि बहुतेक बाळं काही महिन्यांत जायची. इंडियन चाइल्डहुड सिरोसिस. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० च्या दशकात त्यावर काम केलं. त्यांनी आयांना जे विचारलं ते कुठल्याही मशीनवर निघालं नसतं. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? ते कशात तापवता? उत्तर यायचं पितळेच्या भांड्यात, आणि कल्हई गेलेली. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. दुधातलं केसीन हे प्रथिन ते तांबं धरून ठेवायचं आणि बाळाच्या पोटात जायचं. तांबं हे एकमेव कारण, की मूळची काही आनुवंशिक कमजोरीही लागते, यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण स्टील आलं, पितळ गेलं, आणि आजार दिसेनासा झाला. आमच्या आज्या कल्हईवाला आला की सगळी कामं टाकून भांडी काढायच्या, त्यात नुसती लखलखीची हौस नव्हती.

तुम्ही म्हणाल, तो जमाना गेला, आता जीन एडिटिंग आलंय. आलंयच. २०२५ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका बाळाची बातमी सगळ्यांनी वाचली असेल. त्या एकट्या बाळाच्या जनुकातली चूक दुरुस्त करणारं औषध रेबेका अॅरन्स-निक्लस आणि किरण मुसुनुरु यांच्या चमूने सहा महिन्यांत बनवलं. जगात पहिल्यांदा, एका माणसासाठी एक औषध. मी ती बातमी पुन्हा पुन्हा वाचली. त्याचा आजार, सीपीएस१ ची कमतरता, जन्मानंतर काही दिवसांतच कळला होता. या आजारात अमोनिया शरीराबाहेर पडत नाही, तो रक्तात साठून मेंदूवर चढतो. म्हणजे सुस्त पडलेल्या बाळाच्या रक्तात वेळेवर अमोनिया बघणारं कुणीतरी लागतं. ते रक्त बर्फात ठेवून लगेच लॅबमध्ये पोचवावं लागतं, नाहीतर आकडा चुकतो. आपल्याकडच्या किती तालुक्यांत हे रात्री दोन वाजता होईल? न झालं तर कागदावर ‘जंतुसंसर्ग’ लिहिलं जातं, बाळ जातं आणि पुढच्या बाळंतपणात तेच पुन्हा.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आलं, २०२२ पासून एका रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, त्यासाठी नेमलेल्या केंद्रांत मुंबईचं केईएम आहे. शरीरात न बनणारं एन्झाइम दर आठवड्याला लाखो रुपये मोजून बाहेरून द्यावं लागणाऱ्या घरांना ५० लाख कुठवर पुरणार, हा प्रश्न आहेच. पण त्या दारापर्यंत जायचं तर हातात आजाराच्या नावाचा कागद लागतो. तो कागद मिळवण्याचं काम गावातल्या डॉक्टरपासून सुरू होतं, आणि तिथे आपण पैसा घालत नाही. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन थायरॉईड तपासणं ही तर किमान गोष्ट. जन्मतः थायरॉईड कमी असेल आणि रोजची गोळी वेळेत सुरू झाली तर मूल इतरांसारखं वाढतं, उशीर झाला तर बुद्धीला झालेलं नुकसान भरून येत नाही. गोव्याने नवजात तपासणी २००८ मध्ये सरकारी पातळीवर सुरू केली होती. महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्रसूतिगृहात ती सक्तीची का नसावी?

आणि आम्ही शिक्षक. भाच्याचं निदान झाल्यावर मेंदूच्या डॉक्टरांनी जुन्या वह्या मागवल्या होत्या. सहावीपासूनच्या वह्यांत अक्षर कधी घसरायला लागलं ते महिन्यानुसार दिसत होतं. असा कागद कुठल्याच लॅबकडे नसतो, तो आपल्या कपाटात असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरपासून सुरू झाला, त्याची पथकं शाळांत येतात. वजन-उंचीच्या रकान्यांशेजारी ‘चांगलं असलेलं काही अलीकडे बिघडलंय का’ असा एक रकाना शिक्षकांसाठी ठेवावा, एवढंच माझं मागणं. अक्षर, चालणं, बोलणं, वाचन. आधी येत होतं आणि आता येत नाही, असं ज्या मुलाचं होतंय त्याला आळशी म्हणायच्या आधी डॉक्टरकडे पाठवा.

कमेंटबद्दल. काढा, थेंब, उतारा सुचवू नका. ‘एवढ्या गोळ्या कशाला, आता बरा दिसतोय की’ असं ताईला सांगणारे नातेवाईक भरपूर आहेत. विल्सनची औषधं अचानक बंद केली तर यकृत निकामी होऊन माणूस जाऊ शकतो, त्यामुळे असा सल्ला इथे दिसला तर मी सरळ ब्लॉक करणार. तुमच्या घरात विल्सनचा रुग्ण असेल आणि त्याची भावंडं तपासली नसतील तर मला मेसेज करा, मी डॉक्टर नाही, पण कुठल्या तीन तपासण्या मागायच्या ते लिहून देईन. तपासणीच्या पैशांची अडचण असेल तर तेही लिहा, आमच्या ग्रुपवर फॉरवर्डखाली चर्चा करणारे पुष्कळ आहेत, त्यांना कामाला लावू.