दलाली कापण्याआधी जरा थांबा

नाशकात सध्या कुठल्याही एजंटला फोन लावा, तिसऱ्या वाक्याला सिंहस्थ कुंभमेळा येतोच. "साहेब, 2027च्या आत घेऊन टाका, मग हाताला लागायचं नाही." मखमलाबाद असो की आडगाव, पालुपद एकच. हे ऐकून फ्लॅट घेणाऱ्यांची मला काळजी वाटते, कारण कुंभ उठला की मेंटेनन्स आणि हप्ता तुमच्याच गळ्यात.

म्हणून एजंट नकोच, असं मी म्हणणार नाही. फक्त त्याला पैसे कोण देतो, हे पहिल्याच भेटीत विचारा. नव्या स्कीममध्ये बिल्डर देतो, म्हणून तो तीच स्कीम फिरवून फिरवून दाखवतो. लबाडी नाही, धंदा आहे. रिसेलमध्ये बहुधा दोन्हीकडून घेतो. मग भाव कोणासाठी पाडणार?

आपल्या लोकांची खोड म्हणजे दोन टक्के कबूल करायचे आणि खरेदीखताच्या दिवशी "एकच घ्या ना" म्हणायचं. असं केलंत तर पुढचा चांगला सौदा त्याच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाणार, आणि तो बरोबरच करतो. टक्का आधीच व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या आणि ठरलेला पूर्ण द्या.

इंदिरानगरचे आमचे एक एजंटकाका फ्लॅटचा हॉल नंतर दाखवतात. आधी पार्किंगमध्ये उभं करून वॉचमनला विचारतात, "मे महिन्यात टँकर किती आले रे?" मग सोसायटीची थकबाकी. अंबड एमआयडीसीतला भाडेकरू पाथर्डी फाट्याला किती भाडं देईल, हेही त्यांना तोंडपाठ. ही माहिती कुठल्याही अॅपवर मिळत नाही. दलाली मी त्याचीच देतो.

कागद मात्र आपले आपण बघायचे. रेरा म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारा कायदा; त्याखाली नोंदलेल्या प्रकल्पात विक्री करणाऱ्या एजंटलाही नोंदणी लागते. त्याचा नंबर 'ए'ने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी'ने. दोन्ही महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, साइटवर तपासता येतात. प्लॉट असेल तर सातबाऱ्यावरचा 'इतर अधिकार' रकाना वाचा, बँकेचा बोजा तिथेच सापडतो. जमीन कुठल्या वापराच्या पट्ट्यात येते ते सांगणारा झोन दाखला आणि ती एनए, म्हणजे बिनशेती, असल्याचा कागद मागा. "एनए होऊनच जाईल" यावर एक रुपयाही देऊ नका. वकील एजंटने सुचवलेला नको, आपला हवा.

आणि टोकन? चेकने, थेट मालकाच्या नावावर. यावर जो एजंट तोंड वाकडं करतो, त्याच्याकडे मी चहासुद्धा घेत नाही.