‘सँडमॅन’चं कव्हर आणि फसवणुकीचा आरोप

काका, नमस्कार.

‘सँडमॅन’ या अमेरिकी कॉमिक मालिकेच्या मुखपृष्ठांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर आणि रोखठोक लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असा हा विषय नाही, म्हणून सवडीने लिहितोय.

बाकीच्या वाचकांसाठी काकांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. लेख वाचून त्यांनी नववीतल्या नातीच्या वाढदिवसाला मालिकेचे अंक एकत्र बांधलेला पहिला खंड घेतला. आतही तशीच चित्रं असतील अशी त्यांची अपेक्षा. नौपाड्यात घरी येऊन उघडला, तर आत शाईची रेषा, सपाट रंग, आणि निम्म्यावर चित्रकारसुद्धा बदललेला. ‘कव्हर एकाचं, आतलं काम भलत्यांचं, ही गिऱ्हाइकाची सरळसरळ फसवणूक आहे आणि तुम्ही तिचं कौतुक करताय. आमचे चित्रकार दलाल-मुळगावकर असं करत नव्हते. कव्हरवर हिरोही धड दिसत नाही. आणि ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातली पुठ्ठा-बांधणीची, कव्हर उडालेली पुस्तकं वाचून आम्ही मोठे झालो, आमचं काय अडलं?’

आधी नातीचं. तो खंड तिला आत्ता देऊ नका. त्यात एका छोट्या हॉटेलात चोवीस तास अडकलेल्या माणसांचं एक प्रकरण आहे, ते वाचून मोठी माणसंसुद्धा हादरतात. ही मालिका प्रौढ वाचकांसाठीच लिहिलेली आहे. तुम्ही तो तुमच्याजवळ ठेवा.

आता फसवणूक. अमेरिकेतलं मासिक कॉमिक एका हाताचं काम सहसा नसतं. एक जण पेन्सिलने काढतो, दुसरा शाई भरतो, तिसरा रंग, चौथा अक्षरं, आणि कव्हर पुष्कळदा पाचव्याचं. तिथली ही जुनी वहिवाट आहे. ‘सँडमॅन’चे १९८९ ते १९९६ या काळात ७५ अंक निघाले. लेखन नील गेमनचं. चित्रकार मात्र बदलत गेले. तुमच्या खंडात जो बदल खटकला तो पाच अंकांनंतर सॅम कीथने काम सोडल्याचा. पुढची पानं माइक ड्रिंगेनबर्गची. त्यानंतर जिल थॉम्प्सन, मार्क हेम्पेल, मायकेल झुली असे कितीतरी हात लागले. या सगळ्यात पहिल्यापासून शेवटच्या अंकापर्यंत कव्हर करणारा माणूस एकच, डेव्ह मॅकीन. आतला हात दर कथेला बदलतोय, आणि तरी ७५ अंक ओळीने मांडले तर ते एकाच पुस्तकाचे वाटतात, ते त्याच्यामुळे. तुम्ही ज्याला फसवणूक म्हणता, त्यानेच ही मालिका बांधून धरली आहे असं माझं ठाम मत आहे.

सुरुवातीची कव्हरं पुन्हा एकदा हातात घेऊन बघा. दोन्ही कडांना लाकडी खण आणि खणांत वस्तू. ही नुसती रंगवलेली नाहीत. मॅकीनने ते खण खरोखर उभे केले, त्यात वस्तू मांडल्या, मधे चित्र बसवलं आणि सगळ्याचा फोटो काढला. म्हणून तिथल्या सावल्या खऱ्या आहेत. पहिल्या अंकावर मधे एक फिकट चेहरा आहे, पुरता उमटलेला नाही आणि पुरता बुजलेलाही नाही. स्वप्नांच्या राजाची गोष्ट सांगायची तर तो स्वच्छ उजेडात, छाती काढून उभा दाखवायचा का? त्या काळी कॉमिकच्या कव्हरवर दर महिन्याला नायक दिसलाच पाहिजे, अशी पक्की समजूत होती. गेमन आणि मॅकीन यांनी संपादकांचं मन वळवलं, की इथे तो नसला तरी चालेल. ते बरोबरच होतं, कारण कित्येक अंकांत तो आतसुद्धा जेमतेम दोन-चार पानं येतो. कव्हर गोष्टीशी प्रामाणिक राहिलं आहे.

आतलं काम ‘साधं’ म्हणून बाजूला सारू नका, एवढी कळकळीची विनंती. नायक बोलतो तेव्हा त्याच्या संवादाचा फुगा बघा: इतरांचे पांढरे, त्याचा काळा, कडा वेड्यावाकड्या, आत पांढरी अक्षरं. हे टॉड क्लाइनचं काम. पान कुणीही काढलेलं असो, तो आवाज लगेच ओळखू येतो.

राहिले दलाल. दीनानाथ दलालांबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे, आणि म्हणूनच त्यांचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे असं वाटतं. १९४५ साली सुरू झालेल्या त्यांच्या ‘दीपावली’ अंकाच्या कव्हरवरची ती देखणी स्त्री आठवा. आत कथा, कविता, लेख, आणि ती स्त्री त्यातल्या कशातच नसायची! घरोघरी तो अंक उचलला जायचा तेव्हा ‘आत ही बाई कुठे आहे?’ असं कुणी विचारलं नाही. ते चित्र दिवाळीचं होतं, अंकाच्या मूडचं होतं. दलालांना जी मोकळीक आपण आनंदाने दिली, ती मॅकीनला का नाकारायची?

बांधणीच्या पुस्तकांचं म्हणाल, तर कादंबरीचं कव्हर गेलं तरी कादंबरी शाबूत राहते, हे मान्य. ती शब्दांत आहे. पण जिथे गोष्टच चित्रांतून सांगितली जाते, तिथे डोळा कव्हरवरच वाचायला लागतो. ते काढलं की गोष्टीचा एक तुकडाच गेला.

आतबाहेर एकच हात हवा असेल, तर तसं पुस्तकही आहे. मार्जरी लिऊ आणि सना ताकेदा यांचं ‘मॉन्स्ट्रेस’, २०१५ पासून निघतंय. कव्हर ताकेदाचं, आतलं पान न् पानही तिचंच, आणि नक्षीकाम इतकं की एकेका चौकटीवर थांबावं लागतं. २०१८ साली तिला चित्रकार आणि कव्हर-चित्रकार अशी कॉमिक्ससाठीची दोन्ही आयस्नर पारितोषिकं मिळाली. मला ते फार आवडतं. तरीही मी ‘सँडमॅन’ला त्याच्या तराजूत घालणार नाही, दोन्हींची रीतच वेगळी आहे.

तुम्ही गडकरी रंगायतनला वर्षानुवर्षं नाटकं बघत आलात असं लिहिलंय, म्हणून शेवटचं एक सुचवतो. पहिला खंड तूर्त बाजूला ठेवा आणि तिसऱ्यातला १९वा अंक वाचा. शेक्सपिअरची नाटक मंडळी उघड्या माळावर प्रयोग लावते, आणि समोर प्रेक्षक म्हणून बसलेले असतात परीलोकातले तेच जीव, ज्यांच्यावर नाटक बेतलंय. चित्रं चार्ल्स व्हेसची. १९९१ साली या अंकाला कल्पनारम्य साहित्यासाठीचं वर्ल्ड फँटसी अवॉर्ड मिळालं, तेही लघुकथेच्या विभागात. वाचून झाल्यावर मॅकीनचं कव्हर समोर ठेवा आणि मग मला पुन्हा लिहा. खंड मिळत नसेल तर माझी प्रत देतो. नेरूळहून ठाण्याला माझं येणं होतंच.