ती सावली नानांची होती

आज सकाळी भाच्याने आमचा एक जुना फोटो ‘स्वच्छ आणि रंगीत’ करून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवला. सगळ्यांनी त्याचे कौतुक केले आणि मला मात्र रडू कोसळले.

फोटो मे १९६८ मधला, साताऱ्याच्या घराच्या गच्चीवरचा. खाटेवर अंथरलेल्या धोतरावर आई कुरडया घालते आहे, सात वर्षांची मी कावळे हाकायला काठी घेऊन, उन्हाने डोळे बारीक करून उभी आहे, आणि फोटोच्या खालच्या कडेपासून खाटेपर्यंत एक लांब सावली पडली आहे. ती नानांची, माझ्या वडिलांची. त्यांच्याकडे बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. फ्लॅशचा खर्च परवडणारा नव्हता, त्यामुळे ऊन पाठीवर घेऊनच फोटो काढावा लागे. एका रोलमध्ये बारा फोटो, आणि ते बारा नाना दिवाळीपासून मेपर्यंत पुरवत.

म्हणूनच त्या काळच्या घरगुती अल्बममध्ये स्वयंपाकघर जवळजवळ नसते. ज्यांचा जन्म चुलीपुढच्या अंधारात गेला, त्या बायका आपल्याला अंगणात, ठेवणीतले लुगडे नेसून ताठ बसलेल्याच दिसतात. आईचा काम करतानाचा आमच्याकडे हा एकच फोटो आहे, तोही कुरडयांना ऊन लागते म्हणून.

आणि ॲपने काय केले? सावलीला डाग समजून पुसले, सावलीतल्या कुरडयाही पुसल्या. आईचे अंजिरी इरकल गुलाबी केले. माझे मिटत आलेले डोळे टक्क उघडले. कोणी सांगितले होते हे? संबंध अल्बममध्ये नाना कुठेही नाहीत, कारण कॅमेरा कायम त्यांच्याच हातात असे. ते आहेत ते एवढ्या सावलीपुरते, आणि तीच नेमकी गेली.

रंग चढला म्हणूनच घरातल्या मुलांनी ‘ही कोण?’ असे पहिल्यांदा विचारले, हे मला मान्य करावे लागते. भाच्यानेही ते मायेनेच केले होते. दुपारी फोनवर मी त्याच्यावर आवाज चढवला, ते चुकले. “आत्या, मला तो पाण्याचा डाग वाटला,” एवढेच तो म्हणाला.

संध्याकाळी मी अल्बमच्या काळ्या पानावरून मूळ फोटो हलकेच सोडवला आणि जसा आहे तसा त्याला पाठवला. थोड्या वेळाने त्याने विचारले, “आजोबांची टोपी दिसते का गं त्यात?”

दिसते. टोपी दिसते, आणि कॅमेरा डोळ्याला लावल्यामुळे बाहेर आलेली दोन्ही कोपरेही दिसतात.