रंगीत चित्रं पुरे, आधी गणित दाखवा

आज इंटरव्ह्यू घेऊन आलोय आणि डोकं अजून तापलेलंच आहे.

मुलगा फायनल इयरचा, मेकॅनिकलचा. रेझ्युमेचं अर्धं पान सर्टिफिकेटांनी भरलेलं. लॅपटॉप उघडून प्रोजेक्ट दाखवला, स्ट्रेस काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला. भिंतीतून बाहेर आलेला माइल्ड स्टीलचा ब्रॅकेट, टोकाला ५० किलो वजन. मेश (हिशेबासाठी भागाचे बारीक तुकडे पाडणारी जाळी) सुबक, स्ट्रेस दाखवणारे निळे-हिरवे-लाल पट्टे सुबक. जास्तीत जास्त स्ट्रेस, म्हणजे धातूत आत येणारा ताण, ३० मेगापास्कल. "सेफ आहे, सर."

"हाताने करून बघितलंस का?" नाही. सॉफ्टवेअरने काढलंय म्हणे.

अरे, सॉफ्टवेअरला तू जे भरवशील तेच ते दळणार! ब्रॅकेटची पट्टी २०० मिलिमीटर लांब, २० रुंद, १० जाड. ५० किलो म्हणजे साधारण ५०० न्यूटन. बेंडिंग मोमेंट (बल गुणिले लांबी) एक लाख न्यूटन-मिलिमीटर, सेक्शन मॉड्युलस (रुंदी गुणिले जाडीचा वर्ग, भागिले सहा) ३३३ घन मिलिमीटर. पहिल्याला दुसऱ्याने भागलं, स्ट्रेस आला ३०० मेगापास्कल. माइल्ड स्टील २५० च्या आसपास यील्ड होतं. म्हणजे ब्रॅकेट वाकणार आणि वाकलेलाच राहणार. याच्या स्क्रीनवर मात्र सगळं सेफ. उद्या त्याखाली कोणी उभं असेल तर?

१९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी पोचून हातचं गेलं, ते युनिटच्या घोळामुळेच. एका सॉफ्टवेअरने आकडे पाउंड-फोर्स-सेकंदात दिले, दुसऱ्याने ते न्यूटन-सेकंद धरले. जवळपास साडेचार पटींचा फरक! तिथे हे होतं, तर आपण कोण लागून गेलो?

सॉफ्टवेअर यायलाच हवं, मान्य. सर्टिफिकेटशिवाय काही ठिकाणी रेझ्युमे पुढे सरकत नाही, तेही मान्य. पण पोरांनो, सॉल्व्हचं बटण दाबायच्या आधी उत्तर साधारण किती यावं ते वहीत लिहा. प्रत्येक आकड्यापुढे युनिट लिहा. दहापट फरक आला तर मेश बारीक करत बसू नका, आधी लोड आणि सपोर्ट तपासा. ब्रँच कुठलीही असो. कॉम्प्युटरवाल्यांनो, एक कोटी नोंदी, प्रत्येकी एक किलोबाइट, तर मेमरी किती? साधारण १० गिगाबाइट. हे कोड लिहायच्या आधी सांगता आलं पाहिजे.

आता त्या मुलाचं पुढचं सांगतो. कोरा कागद आणि पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली. आधी हातच चालेना. मग फ्री बॉडी डायग्राम (कुठे किती बल लागतंय त्याचं चित्र) काढला, मोमेंट काढली, आणि कोणी न सांगता ३०० वर पोचला. गप्प झाला. लॅपटॉप ओढून इनपुट उघडलं आणि फोर्सच्या रकान्यावर बोट ठेवलं. "सर, मी नुसते ५० टाकलेत. न्यूटनमध्ये हवं होतं."

येतं हो त्याला! सगळं येतं. त्याला कागद घेऊन कोणी बसवलंच नाही इतकंच. माझा राग त्याच्यावर नाहीच उरला. वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, "कुठलं सॉफ्टवेअर वापरलं?" एवढं विचारून मार्क देणाऱ्यांवर आहे. उत्तर बरोबर कशावरून, हा प्रश्न त्याला चार वर्षांत एकदाही कोणी विचारू नये?

त्याच्यासाठी मी शिफारस केली आहे. निर्णय माझ्या एकट्याचा नाही.

माझ्या फ्रेंड लिस्टमधल्या प्राध्यापक मित्रांनो, या वेळी वायवात स्लाइड सुरू व्हायच्या आधी कोरा कागद द्या मुलांना. आणि ज्यांचे प्रोजेक्ट चालू आहेत त्यांनी हाताने केलेल्या गणिताचा फोटो मला मेसेज करा, नक्की बघून कळवतो. रंगीत स्क्रीनशॉट नंतर.