सासरा पाहिजे, अनुभवाची अट नाही

हुंड्याविरुद्धच्या नाटकात हुंडा मागणारं कोणीतरी लागतं, ही इतकी साधी गोष्ट घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत कोणालाच मान्य नाहीये. यंदा गणपतीत काहीतरी सामाजिक करूया असं मीटिंगमध्ये ठरलं (ऑर्केस्ट्राला बजेट नव्हतं हे खरं कारण) आणि मी कॉलेजात एकांकिका केल्यात हे कोणाला तरी नेमकं आठवलं, झालं, दिग्दर्शन माझ्या गळ्यात.

वाचनाला क्लबहाऊस फुल्ल. समाजसेविका व्हायला रांग, प्रामाणिक इन्स्पेक्टर व्हायला त्याहून मोठी रांग, दारुड्या भावाच्या रोलसाठी तर दोघांचं वाजायचंच बाकी होतं. सासरा कोण करणार म्हटल्यावर मात्र सगळ्यांना एकदम व्हॉट्सअ‍ॅप बघायचं होतं.

शेवटी बी विंगचे काका हो म्हणाले. बँकेतून रिटायर, आवाज असा की माईक नको. पण वाचन संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, आमच्या चिरंजीवांचं बघतोय सध्या. मुलीकडचं कोणी प्रेक्षकांत असलं तर? सासऱ्याला जरा सॉफ्ट कर ना." सॉफ्ट म्हणजे कसा काका? "म्हणजे तो मागत नाही. ते लोक आपणहून देतात." म्हटलं काका, 1961 पासून कायदा आहे, हुंडा घेणं आणि देणं दोन्ही गुन्हा. तर म्हणाले, "हुंडा गुन्हा. न मागता दिलेलं गिफ्ट चालतं, फक्त यादी करून ठेवावी लागते." माणूस रोलचा अभ्यास करून आला होता असं मी आपलं समजून घेतलं.

त्यात कमिटी. आता नाटक होतंच आहे तर ओला-सुका कचरा घ्या, पाणीबचत घ्या, प्लॅस्टिकबंदी 2018 ला आली तरी खाली भाजीवाल्याकडे पिशव्या दिसतात तर तेही घ्या. कुठे घेऊ? "लग्नाच्याच सीनमध्ये टाका ना, सगळे जमलेलेच असतात." त्यामुळे आमची नवरी आता हार हातात धरून "तुमच्याकडे डस्टबिन दोन आहेत का?" असं विचारते आणि मगच हार घालते.

हार घालते म्हणजे खुर्चीला घालते. कारण नवरदेव अंधेरीला नोकरीला, तालीम नऊची ठेवली तरी तो मानपाड्याला मेट्रो 4 च्या खांबांखाली अडकलेलाच असतो. मग त्याच्या जागी प्लॅस्टिकची खुर्ची मांडायची, खुर्चीवर फोन, फोन स्पीकरवर. परवा नवरीनं डोळ्यांत खरोखरचं पाणी आणून विचारलं, "तुम्हालाही माझी किंमत पैशातच करायचीय?" मी सांगून ठेवलेला पॉज सगळ्यांनी श्वास रोखून घेतला आणि खुर्चीतून आवाज आला, "भैया, लेफ्ट से निकालो ना." खरं सांगू, सासऱ्याच्या मुलाला यापेक्षा चांगलं उत्तर आमच्या संहितेतही नाहीये.

दहा वाजले की सेक्रेटरी दारात. रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला बंदी. लाऊडस्पीकर नाहीच आहे म्हटलं तर काकांकडे बोट दाखवतात. बरं, स्त्री-पुरुष समानतेवर पानभर भाषण असलेल्या ह्या नाटकाच्या तालमीला चहा रोज बायकाच आणतात, भाषण करणारा दोन कप घेतो.

ए विंगचे एक आजोबा फक्त बघायला येतात. त्यांचं म्हणणं, देवलांच्या 'शारदा'मुळे बालविवाहाचा कायदा झाला, कायद्याला नावही नाटकाचंच दिलं, तुमच्या नाटकानं निदान पार्किंग तरी सुटेल का? नाटक 1899 चं, कायदा 1929 चा आणि त्याचं 'सारडा अ‍ॅक्ट' हे नाव तो मांडणाऱ्या हरबिलास सारडांवरून आलंय, हे त्यांना सांगून मी दमलो. मला त्या 'शारदा'बद्दल वेगळाच हेवा वाटतो. कोवळ्या पोरीशी लग्नाला निघालेला तो म्हातारा भुजंगनाथ करायला देवलांना माणूस मिळाला!

मला मिळाली काकू. काकांच्याच काकू, त्या प्रॉम्प्टिंगला बसायच्या. काका मागण्यांच्या वाक्याला आले की खोकायचे आणि काकू विंगेतून वाक्य द्यायच्या, इतकं कडक की मुलीचा बाप झालेले वकीलसाहेब दोन पावलं मागे सरकायचे. एकदा तर वही मिटून म्हणाल्या, "मोटरसायकल काय मागताय? आता कोण मागतं मोटरसायकल? फ्लॅटचं डाऊन पेमेंट म्हणा." तिथल्या तिथे सासऱ्याची सासू केली. चिरंजीवांचं काय म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "बघू दे की मुलीकडच्यांना, आधीच कळलेलं बरं." काय कळलेलं, ते मी विचारलं नाही.

काकांना इन्स्पेक्टर दिलाय. शेवटच्या सीनमध्ये एन्ट्री, टेबलावर काठी आपटायची, "चला पोलीस स्टेशनला" आणि काकूंना दंडाला धरून एक्झिट. काठी झकास आपटतात. मग काकूंपर्यंत जातात, हात अर्धा वर करतात आणि हळूच म्हणतात, "अगं, चलतेस का?" काकू म्हणतात, "थांबा, माझं वाक्य राहिलंय." ते वाक्य संहितेत नाहीये. रोज नवीन असतं, आणि रोज लांबतंय.