गाठोडं, बनियन आणि ‘काकू’

‘दिवसभराच्या क्रॉस-कंट्री स्कीइंगला पिशवीत काय घ्यावं’ या माझ्या लेखावर ओस्लोत राहणाऱ्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. थोडक्यात अशी: ‘काकू, एका दिवसासाठी एवढं गाठोडं? वऱ्हाड निघालंय की काय! सुती बनियनवर इथे कितीतरी लोक जातात. काठीचं माप चुकलंय, मेणाबद्दल अवाक्षर नाही. त्यापेक्षा परत कधी फिरायचं, घरी काय सांगून निघायचं ते लिहायचं होतं. चॉकलेटच्या वेष्टणावरचे डोंगरनियम तरी वाचा. इंदूरच्या उन्हात बसून बर्फाचे धडे देणं सोपं असतं.’

महाशय, आधी ‘काकू’. मला काकू म्हणणारे दोन पुतणे आहेत आणि दोघेही घरात शिरताना चपला बाहेर काढतात. आपली ओळख नाही, तेव्हा नुसतं ‘तुम्ही’ चाललं असतं.

काठीचं तुमचं बरोबर. मी हनुवटीपर्यंत लिहिलं, ते स्केटिंग पद्धतीच्या, म्हणजे पाय तिरके ढकलत जाणाऱ्यांच्या, काठीचं माप. स्की समांतर ठेवून जायच्या क्लासिक पद्धतीला काठी काखेच्या जरा वर आली की पुरे. चूक झाली, मान्य.

आता गाठोडं. वऱ्हाडाचा विनोद करण्याआधी तुम्ही ते उचलून पाहिलं होतंत का? मी पाहिलं आहे. लेकीच्या घरी बॅगा तोलायचा हुकाचा काटा आहे, त्याला अडकवून. पावणेचार किलो. त्यात निम्मा भार थर्मास आणि खाण्याचा. उरलं काय? कोरडा लोकरी बनियन, मोज्यांचा जोड, जास्तीचे हातमोजे, वाऱ्याला अडवणारं पातळ जाकीट, काळा चष्मा, हेडलॅम्प, शिटी आणि काठीभोवती गुंडाळलेली चिकटपट्टी. यातलं काय काढू, सांगा.

तुमच्याच नॉर्वेत 1932 पासून बिर्केबायनर नावाची स्कीची शर्यत होते. रेना ते लिलेहामर, 54 किलोमीटर. त्यात प्रत्येकाच्या पाठीवर किमान साडेतीन किलोची पिशवी असावीच लागते, कारण 1206 साली दोन योद्ध्यांनी तान्ह्या राजपुत्राला घेऊन स्कीवरून डोंगर पार केला होता. शर्यतीत धावणाऱ्यांना साडेतीन किलो चालतात आणि माझे पावणेचार म्हणजे वऱ्हाड?

आणि बनियन. हे मी पुस्तकातून घेतलेलं नाही. दोन हिवाळे मी ओस्लोत काढले, वयाच्या 58व्या वर्षी पायात पहिल्यांदा स्की बांधले. पहिल्याच मोठ्या फेरीला आतून घातला होता इंदूरच्या राजवाड्याजवळून घेतलेला सुती बनियन, पांढरा, बाह्यांचा. सोग्न्सवान तळ्यापासून उलेवोलसेटर या जंगलातल्या विश्रांतिगृहापर्यंत चढ आहे. चढताना घामाने भिजले, मजेत होते. परतताना जावयाच्या बुटाची पकड निसटली, ती बसवेपर्यंत वीसेक मिनिटं आम्ही झाडांत उभे. तेवढ्यात तो बनियन पाठीला असा चिकटला, जणू कुणी ओल्या चादरीत गुंडाळलं. सूर्य कधीच गेला होता, डिसेंबरात तिथे साडेतीनच्या आत मावळतोच. जाकिटाची चेन उघडायला गेले तर बोटं वळेनात. लेकीने दातांनी माझा हातमोजा ओढून काढला आणि तिच्या पिशवीतला कोरडा लोकरी बनियन मला तिथेच, बर्फात, घातला. लोकर वजनाच्या जवळपास 30 टक्के ओल शोषूनही अंगाला तितकी ओली लागत नाही. सूत पाणी धरून ठेवतं, आणि पाणी हवेच्या 20 पटींहून जास्त वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं. ‘कितीतरी लोक जातात’ म्हणता. जात असतील. थांबत नसतील.

मेण? माझ्या स्कींना तळाशी खवले आहेत, मागे न घसरण्यासाठी मेण लागत नाही. नवशिक्यांना तेच सोयीचे. ज्यांना मेणाचे डबे घेऊन तापमान बघत बसायचं आहे त्यांनी खुशाल बसावं, तो लेख त्यांच्यासाठी नव्हताच.

डोंगरनियमांचं म्हणाल, तर ते छापलेली क्विक लुन्श चॉकलेटची वेष्टणं मीही पाहिली आहेत. नऊ नियम आहेत. चौथा म्हणतो, छोट्या सहलीलाही वादळाची आणि थंडीची तयारी ठेवा. पाचवा म्हणतो, स्वतःला आणि इतरांना मदत करता येईल इतकं सामान न्या. म्हणजे माझं गाठोडंच की! बाकीचे सात तुम्ही वाचालच. परत कधी फिरायचं वगैरे माझ्या लेखाचा विषयच नव्हता, शीर्षकात ‘पिशवीत’ हा शब्द आहे. त्या दिवशी आम्ही अंधारात परतलो खरे, पण हेडलॅम्प होता. पिशवीत.

इंदूरच्या उन्हाबद्दल मी काही बोलणार नाही. जानेवारीत पहाटे रामबागेत येऊन बघा, पोह्यांच्या गाडीपाशी उभं राहायला कानटोपी लागते. हो, ती सुती नसते.

काठीची ओळ आज रात्री दुरुस्त करते. बाकी यादी आहे तशी राहील, त्यातली शेंगदाण्याची चिक्कीसुद्धा. थंडीत ती दगड होते, एक दाढ दुखावली आहे माझी. तेवढं एक तुमच्या नजरेतून सुटलं.